वाजलं नाही!

"मागच्या एक्सलचा नट किती टॉर्कला आवळलास रे?" एवढंच मी माझ्या मोटारसायकलबद्दल विचारलं होतं. एक्सल म्हणजे चाकाचा आस, आणि टॉर्क म्हणजे नट पिळायचा जोर. गॅरेजमधल्या पोऱ्याने हातातली इंपॅक्ट गन माझ्या कानाजवळ आणून 'टर्रर्र' करून दाखवली आणि म्हणाला, "एवढ्याला." मग चहा पीत उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे वळून, "साहेब गाडी चालवतात का पेपर तपासतात?" ती दोघं हसली. मीही हसलो. गाडी अजून त्याच्या ताब्यात होती.

पुढच्याच रविवारी खडकवासल्याच्या चौपाटीवर मागचं चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याचा पाना नटावर बसला, पण नट जागचा हलेना. त्याने पान्याला पाईप घातला. मग त्याच्या भावाने पाईप धरला. शेवटी कणसं खायला जमलेल्या समस्त पुणेकरांच्या साक्षीने मी त्या पाईपला लोंबकळलो, तेव्हा 'कडाड' करून तो सुटला आणि मी खाली बसकण मारली. एका छोट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. तिची आई तिला "असं हसू नये गं" म्हणाली आणि स्वतःच हसत सुटली.

घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. एक्सलपासून माझ्या हातापर्यंत पाईप साधारण ७० सेंटिमीटर. माझा एक पाय जमिनीला होता, म्हणून पाईपवर पडलेलं वजन ३० किलो धरू. ३० गुणिले ९.८१ गुणिले ०.७ म्हणजे २०६ न्यूटन मीटर. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये त्या नटापुढे आकडा आहे ७०. त्यात गंज चढलेला नसेल तर नट सोडवायला आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर लागतो. तेव्हा पोऱ्याने मारलेला तिप्पट किंवा त्याहून जास्त. नटाखालचा वॉशर बशीसारखा खोलगट झाला होता आणि एक्सलचे आटे दोन ठिकाणी चोळवटले होते. मजुरी दीडशे रुपये. चहा त्याने दिला नाही.

हा झाला पूर्वरंग. खरं कीर्तन त्याच्या पुढच्या रविवारी आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालं. चेन पुन्हा सैल झाली होती, आणि आता हे काम मी स्वतःच करायचं ठरवलं होतं. बोहरी आळीतून घेतलेला टॉर्क रेंच (म्हणजे आधी आकडा लावून ठेवायचा आणि तेवढा जोर झाला की 'टिक' वाजवणारा पाना), त्याच्या टोकाला बसणारी २४ नंबरची गोटी, पोलादी पट्टी, तारेचा ब्रश आणि जुन्या बनियनची चिंधी असं साहित्य मांडून मी बसतो न बसतो तोच जिन्यातून चपलांचा आवाज आला.

तिसऱ्या मजल्यावरचे काका पिंपरीच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण ते निवृत्त झाले कारखान्यातून. इन्स्पेक्शन चालूच आहे. लिफ्ट मजल्याशी किती मिलिमीटर खाली थांबते याची त्यांच्याकडे नोंद आहे. गणपतीच्या मांडवाचा खांब ओळंब्यात नाही म्हणून त्यांनी एकदा आरती दहा मिनिटं रोखली होती. एका हातात प्लॅस्टिकचं स्टूल आणि दुसऱ्या हातात डायरी घेऊन ते आले, स्टूल माझ्या मागच्या चाकापासून दोन फुटांवर ठेवलं आणि बसले.

"काय चाललंय?"

"चेन टाइट करतोय, काका."

"आवळणार कितीला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हा प्रश्न मला विचारत होतं. माझ्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "सत्तर न्यूटन मीटर," मी म्हणालो.

"कोण म्हणतं?"

मी मोबाइलवर मॅन्युअलचं पान उघडून दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते पान पार तळापर्यंत वाचलं, तारखेसकट. डायरीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाले, "रेंचचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट?"

माझ्या डोळ्यांतलं पाणी तिथेच आटलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर काकांचं चुकत नव्हतं. टॉर्क रेंचसाठी आयएसओ ६७८९ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे चांगल्या क्लिकच्या रेंचची चूक ४ टक्क्यांच्या आत असावी, आणि उत्पादकाने वेगळं काही सांगितलेलं नसेल तर तो १२ महिन्यांनी किंवा ५००० वेळा वापरल्यावर, जे आधी होईल तेव्हा, तपासून घ्यावा. माझ्या रेंचला चार वर्षं झाली होती. टिक फार तर साठ झाल्या असतील.

"साठ मोजल्यास?"

"अंदाजे, काका."

"अंदाजे," असं त्यांनी डायरीत लिहिलं. मला वरून दिसलं.

मग रेंच ठेवतोस कसा, ही चौकशी झाली. यात मात्र मी पास. क्लिकचा रेंच वापरून झाला की आकडा सगळ्यात खालच्या खुणेवर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग कायम दाबलेली राहून मलूल पडते. खुणेच्याही खाली, पार शून्याच्या पलीकडे, पिळायचा नाही. त्याने नट सोडवायचा नाही, त्याने ठोकायचं नाही आणि शेजाऱ्यांना द्यायचा नाही. शेवटचा नियम माझा आहे. तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी एकदा तो गॅलरीतला नळ सोडवायला नेला होता आणि परत देताना "जरा खडखडतो तुमचा पाना" अशी वर तक्रार केली होती.

त्यानंतर काकांनी खिशातून भिंग काढून रेंचवरचा आकडा तपासला. रेंचवर दोन मापं असतात, एका बाजूला न्यूटन मीटर आणि दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. चुकून फूट-पाउंडच्या बाजूला ७० लावलं तर नटावर जातात ९५ न्यूटन मीटर, आणि असं करणारे कमी नाहीत. मी बरोबर लावलं होतं. काका किंचित हिरमुसले.

आता चेन. एक्सलचा नट अर्धा फेरा सैल केला. एक्सल मागे ओढणारे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे फिरवायचे, म्हणून मी नटाच्या पैलूंवर मोजतो. ८ मिलिमीटरच्या साध्या आट्यांना एका फेऱ्यात १.२५ मिलिमीटर अंतर जातं, म्हणजे एक पैलू सरकला की एक्सल ०.२ मिलिमीटर मागे. स्विंगआर्मवर, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर, कोरलेल्या रेषांवर फार विश्वास ठेवू नये. त्या पंचांगातल्या मुहूर्तासारख्या असतात, जवळपास. चेन सगळीकडे सारखी झिजलेली नसते, तेव्हा चाक फिरवून सगळ्यात ताठ जागा शोधायची आणि तिथे खालच्या बाजूला मधोमध खेळ, म्हणजे चेन वर-खाली किती हलते ते, मोजायचा. माझ्या गाडीला २५ ते ३० मिलिमीटर हवा. मी २८ मोजला. काकांनी स्वतःची पट्टी लावली. २७.

"तुमची पट्टी झिजली असेल," मी म्हणालो.

"ही पट्टी १९८१ पासून माझ्याकडे आहे."

"तेच म्हणतोय."

ते माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नट आवळल्यावर खेळ अजून कमी होईल. तेव्हा बघू." आणि तेही खरंच होतं. एक्सल आवळताना चाक जरा सरकतं, म्हणून खेळ आवळल्यानंतर पुन्हा मोजावाच लागतो. चेन फार ताठ ठेवली तर गाडी खड्ड्यात बसताना पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र), स्विंगआर्मचा पिव्हट (त्याची बिजागरी) आणि एक्सल एका रेषेत येतात, तेव्हा चेनला जागा पुरत नाही, आणि सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि ऑइल सीलवर पडतो. सिंहगड रस्त्याने रोज जाणाऱ्या गाडीला असे दाबले जाण्याचे प्रसंग किती येतात ते मी सांगायला नको.

चिंधीची गुंडाळी चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये धरून चाक हाताने जरासं फिरवलं की चेन ताठ होते आणि एक्सल ॲडजस्टरला टेकून बसतो. हे इंजिन बंद ठेवून करायचं. चालू गाडीवर चेन पुसताना बोटं गमावलेली माणसं आहेत. मग एक्सलचं डोकं दुसऱ्या पान्याने धरून नटाच्या बाजूने रेंच लावायचा. डोक्याच्या बाजूने आवळलं तर अख्खा एक्सल आत घासत फिरतो आणि त्या घासण्यात काही जोर फुकट जातो.

मी रेंच धरला, मुठीच्या मधोमध, झटका न देता एकसारखा ओढला. टिक.

"हं, लाव आता," काका म्हणाले.

"लागलं, काका. टिक झालं."

"वाजलं नाही."

त्या क्षणी वरच्या फ्लॅटमध्ये फरशी कापायचं मशीन चालू होतं. रविवारी सकाळी सोसायटीत तोडफोडीची कामं करू नयेत असा ठराव आहे, तो त्यांनीच मांडला होता ज्यांच्या घरी फरशी कापली जात होती. पण ते मशीन मिनिटभर बंद होतं तेव्हाही काकांना ऐकू आलं नसतं. त्यांचं कानाचं मशीन वर देव्हाऱ्याशेजारच्या डबीत असतं. मशीनमध्ये बॅटरी उगाच जळते असं त्यांचं मत आहे.

"काका, तुम्हाला ऐकू आलं नसेल."

"मला व्यवस्थित ऐकू येतं. तुझा रेंच पुटपुटतो."

इथे थोडं थांबून सांगतो की मला एवढा राग का आला, नाहीतर तुम्हाला वाटेल एका टिकसाठी माणूस इतका का तापतो.

बोल्ट ही खरं तर अतिशय ताठ स्प्रिंग असते. नट फिरवला की बोल्ट केसभर ताणला जातो आणि परत आखूड व्हायला बघतो. त्या ओढीनेच बेअरिंग, स्पेसर, स्विंगआर्म सगळं एकमेकांवर दाबून बसतं. ओढ कमी पडली तर हादऱ्यांनी नट सुटत जातो, एक्सल सरकतो, चाक तिरकं होतं आणि चेन स्प्रॉकेटचे दात एका अंगाने खाते. ओढ फार झाली तर बोल्ट आखूड होणं विसरतो. इलॅस्टिक गेलेल्या पायजम्यासारखा. दिसायला जागेवर, भरवसा काही नाही. आणि चाकाच्या बेअरिंगांच्या मधला स्पेसर दाबला गेला की बेअरिंगवर आडवा भार येतो, मग दोन-तीन महिन्यांत मागून 'घूं' ऐकू यायला लागतं आणि तोच पोऱ्या तुम्हाला सांगतो, "साहेब, बेअरिंग गेलं. रस्ते किती खराब आहेत बघा ना."

शिवाय आपण जो टॉर्क लावतो त्यातला बहुतेक बोल्टपर्यंत पोचतच नाही. ढोबळ हिशेब असा की शंभरातले पन्नास नटाच्या बुडाशी घासण्यात जातात, चाळीस आट्यांत घासण्यात, आणि ताणायला उरतात दहा. माझ्या ७० पैकी फक्त ७. लग्नाच्या खर्चात हॉल आणि केटरर वजा करून भटजींना उरतात तेवढे. म्हणून आट्यांवर तेलाचा थेंब पडला की सगळं गणित बदलतं. घासणं थोडं कमी झालं तरी वाचलेला सगळा जोर ताणात जातो, आणि त्याच ७० ला बोल्ट तिसऱ्या हिश्शाने जास्त ताणला जाऊ शकतो. मॅन्युअलमध्ये 'तेल लावून' असं स्पष्ट लिहिलेलं नसेल तर आकडा स्वच्छ, कोरड्या आट्यांचा समजायचा. आणि आमचे मेकॅनिक म्हणतात, "हाताला कळतं, साहेब." हाताला कळतं ते घासणं. ताण हाताला कळत नाही. गंजलेला आटा हाताला घट्ट लागतो आणि आत बोल्ट सैलच असतो.

हाताला काय कळतं ते छोट्या गाड्यांच्या पुढच्या स्प्रॉकेटवर बघावं. तिथे एक पातळ पट्टी आणि ६ मिलिमीटरचे दोन बोल्ट असतात. डोक्यावर ८.८ हा मजबुतीचा दर्जा कोरलेल्या अशा बोल्टला १० न्यूटन मीटर पुरतात, म्हणजे १० नंबरच्या वीतभरापेक्षा लहान पान्यावर आठेक किलोचा जोर. ८ मिलिमीटरला २५, १० मिलिमीटरला ५० च्या आसपास. जाडी थोडी वाढली की आकडा दुपटीने वाढतो, पण गड्याचा हात तोच, सकाळपासून ट्रकचे नट आवळून तापलेला. मग तो बोल्ट तुटतो, त्याचा बुंधा आत राहतो, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, "आधीच तुटलेला होता."

बरं, हे अज्ञान म्हणावं तर तसंही नाही. चाकणला मोठ्या असेंब्ली लाइनवर नट आवळणारी विजेची यंत्रं प्रत्येक नटाला किती टॉर्क लागला, किती अंश फिरला याची नोंद संगणकात ठेवतात. आकडा चुकला तर गाडी पुढे सरकत नाही. तीच गाडी पन्नास किलोमीटरच्या आत पुण्यात येते आणि पहिल्याच सर्व्हिसिंगला तिच्या नटाचं भवितव्य 'टर्रर्र' वर ठरतं. भिंतीवर टॉर्क रेंच टांगलेला असतो, त्याच्यावरचं प्लॅस्टिकही काढलेलं नसतं. जॉबकार्डावर 'गाडीत मौल्यवान वस्तू आहेत का' असा रकाना आहे. टॉर्कचा रकाना मी अजून पाहिलेला नाही. आणि विचारलं तर आपणच पेपर तपासणारे.

असो. काका म्हणाले, "परत लाव."

आता टिकचा नियम असा की ती एकदाच घ्यायची आणि थांबायचं. टिक झाली म्हणून रेंच काही आपोआप अडत नाही, ओढत राहिलात तर नट पुढे जातो. खात्रीसाठी दोन-तीनदा टिक-टिक करणारे लोक दर वेळी, विशेषतः झटका देऊन, नट किंचित पुढे ढकलत असतात. हे मी काकांना ओरडून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "मग मार्किंग कर. सरकला तर कळेल."

कल्पना बिनतोड होती. कारखान्यात आवळून तपासलेल्या नटावरून शेजारच्या भागावर रंगाची एक आडवी रेघ ओढतात, रेघ तुटलेली दिसली की नट हलला. माझ्याकडे मार्कर नव्हता. काका वर गेले आणि काकूंची नेलपॉलिश घेऊन आले. मरून. पाठोपाठ तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, "अहो, ती परवा आणलीय, नवीन आहे!" हे मला खाली स्पष्ट ऐकू आलं. काकांना नाही. त्यांनी नटापासून स्विंगआर्मपर्यंत अशी सरळ, एकसारखी रेघ ओढली की मी बघत राहिलो. ब्रश बाटलीच्या कडेला दोनदा पुसून, श्वास रोखून. छत्तीस वर्षांत अशा किती ओढल्या असतील कोण जाणे.

रेघ वाळली. मी रेंच ओढला. टिक.

"वाजलं नाही."

टिक.

"तू मध्येच सोडतोस."

या वेळी माझा हात संतापाने हलला हे मी कबूल करतो. टिक. आणि मग वरचं मशीन बंद व्हायची वाट बघून, त्यांच्या कानाजवळ डोकं नेऊन तोंडानेच म्हणालो, "टिक!"

"हे ऐकू आलं," काका म्हणाले, "पण हे तू वाजवलंस."

आम्ही दोघं वाकून रेघ बघायला लागलो. रेघ तुटली होती. नटावरचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा पुढे गेला होता.

"सरकला," काका म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख होतं की समाधान हे मला अजून ठरवता आलेलं नाही. "म्हणजे आता सत्तर नाही. किती आहे?"

"ते आता सांगता येणार नाही, काका. आवळलेल्या नटावर रेंच लावून टिक आली तर फक्त एवढंच कळतं की सत्तरला तरी तो हलत नाही. शंभर असला तरी टिक येणारच. नक्की हवं असेल तर सोडवून पहिल्यापासून."

"अगदी बरोबर," ते म्हणाले आणि मला जीपच्या डिफरन्शियलची, म्हणजे इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या दातेरी पेटीची, गोष्ट सांगायला लागले. ती अर्धा तास चालली, पण मुद्दा लाखमोलाचा होता म्हणून थोडक्यात देतो. तिथे क्राउन-पिनियन अशी दातेरी चाकांची जोडी असते, त्यातल्या लहान चाकाच्या, पिनियनच्या, दोन बेअरिंगांच्या मध्ये एक मऊ नळी असते. पिनियनचा नट आवळताना ती नळी मोजून चुरगाळायची असते. चुरगाळायला दोनशे न्यूटन मीटरच्या वर जोर लागतो, पण मोजायचा असतो तो पिनियन हाताने फिरवताना होणारा विरोध, जेमतेम दोन-तीन न्यूटन मीटर. थोडं आवळ, फिरवून बघ, थोडं आवळ, फिरवून बघ. एकदा पुढे गेलात की नट सैल करून भागत नाही, चुरगाळलेली नळी परत लांब होत नाही. सगळं उघडून नवी नळी. "आणि लोक काय करतात?" काकांनी मला विचारलं. "पाव फेरा मागे घेतात आणि गाडी देऊन टाकतात. मग दोन हजार किलोमीटरवर पिनियन बोंबलतं." बोलताना त्यांचे हात हवेत खरोखर पिनियन फिरवत होते.

मधूनच ते जुन्या सायकलींवर गेले. पेठेतून पिंपरीला ते सात वर्षं सायकलने जात, आणि नव्या पोरांना सायकलचं डावं पेडल उलट्या आट्याचं असतं हे माहीत नसतं म्हणून ती जोर लावून सोडवताना अजून आवळत बसतात, यावर त्यांचा स्वतंत्र संताप आहे. माझाही आहे. त्या पाच मिनिटांत आमच्यात पूर्ण एकमत होतं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर निरोप होता: 'पार्किंगमध्ये गॅरेजसारखी कामे करून इतर सभासदांना आवाजाचा त्रास देऊ नये.' खाली चार अंगठे. त्यातला पहिला फरशीवाल्यांचा. ज्या टिकच्या अस्तित्वावर इकडे तासभर वाद चालला होता, ती टिक चौथ्या मजल्यावर फरशी कापण्याच्या आवाजातून त्रासदायक वाटली होती. मी तो निरोप काकांना दाखवला. त्यांनी भिंगातून वाचला आणि म्हणाले, "बघ. त्यांना ऐकू आलं."

एक वाजता काकू जेवायला हाक मारायला स्वतः खाली आल्या, नेलपॉलिश ताब्यात घेतली आणि काकांनाही. जाताना काकांनी डायरीत लिहून मला वाचून दाखवलं, "मागील एक्सल नट, निर्णय राखून."

मी दोन वाजता, सगळी सोसायटी झोपलेली असताना, चोरासारखा खाली आलो. नट सोडवला, आटे ब्रशने आणि कोरड्या फडक्याने पुसले, खेळ पुन्हा मोजला, नट ७० ला लावला. एक टिक. थांबलो. पार्किंगभर ऐकू गेली अशी. वॉचमन दचकून उठला. खेळ आता २६. पट्टी माझीच, पण काकांची भविष्यवाणी खरी निघाली हे मी कुठे बोललो नाही. रेंच खालच्या खुणेवर आणून डब्यात ठेवला.

सोमवारी संध्याकाळी सहाला ऑफिसमधून येऊन गाडी लावतोय तर स्टूल आधीच मांडलेलं होतं. त्यावर काका.

"काल दुपारी वाजवलंस म्हणे. वॉचमन सांगत होता."

"हो काका, झालं काम. सत्तर."

"इन्स्पेक्शन नसताना."

मी काही बोललो नाही. त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत नवा कोरा नट होता. "तुझ्या त्या नटात नायलॉनची रिंग आहे. गॅरेजमध्ये एकदा, खडकवासल्याला एकदा, काल दोनदा, इतक्यांदा सोडला-लावला. ती रिंग आता धरते का नुसती शोभेला आहे? दुपारी पीएमटीने नाना पेठेत जाऊन आणला. तीन दुकानं फिरलो. पंचेचाळीस रुपये, बिल आत आहे." पुडीत खरोखर बिल होतं, घडी घातलेलं.

मी पैसे दिले. त्यांनी मोजून घेतले. मग त्यांनी दुसऱ्या खिशातून डबी काढली, कानाचं मशीन काढलं, कानात बसवलं, आणि टिचकी मारून स्टुलावर आवाजाची चाचणी घेतली. दोनदा.

"सोडव," ते म्हणाले. "तूच म्हणालास ना, आवळलेला नट तपासता येत नाही."

मी वर जाऊन रेंच आणला, २४ ची गोटी लावली, जुना नट काढला, नवा हाताने बसवला, एक्सलचं डोकं पान्याने धरलं आणि आकडा ७० वर आणून काकांना भिंगातून दाखवला. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले आणि कान पुढे केला.

वर फरशीवाल्याने मशीन चालू केलं.